जुन्या पॅकिंग मशीनला व्हीएफडी बसवताना: आधी मशीन वाचा, मग ड्राइव्ह घ्या

जुनं पॅकिंग मशीन म्हटलं की डोळ्यांसमोर साधारण एकच चित्र येतं. एक थ्री-फेज मोटर, तिला वर्म गिअरबॉक्स, पुढे मेन शाफ्ट आणि शाफ्टवर ओळीनं बसवलेले कॅम. हिरवं बटण दाबलं की धाडकन सुरू होणार, लाल दाबलं की स्वतःच्या मर्जीनं थांबणार. वेग बदलायचा असेल तर पुली बदला, नाहीतर व्हेरिएटरचं चाक फिरवा. आणि ते चाक मशीन चालू असतानाच फिरवायचं, बंद असताना फिरवलं तर बेल्ट तरी जातो नाहीतर पुली.

अशा मशीनला व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, मोटरचा वेग बदलणारं उपकरण), म्हणजे रोजच्या भाषेत नुसता ‘ड्राइव्ह’, बसवला की वेग एका नॉबवर येतो, सुरुवातीचा झटका जातो आणि चेन, बेल्ट, कपलिंग यांची रोजची ओढाताण कमी होते. नवीन माणूस मात्र ड्राइव्हच्या वायरिंगला घाबरतो आणि मशीनला गृहीत धरतो. वायरिंग एका दिवसात होतं. पुढचे पंधरा दिवस जातात ते उघड्या राहिलेल्या सीलच्या आणि सरकलेल्या छपाईच्या मागे. म्हणून या लेखात मशीनवर जास्त आणि ड्राइव्हवर कमी लिहिलंय.

ड्राइव्ह करतो काय

आत आलेला एसी पुरवठा तो आधी डीसी करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग त्या डीसीचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा नवा एसी मोटरला देतो. इंडक्शन मोटरचा सिंक्रोनस वेग म्हणजे १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोलची संख्या. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे; लोडवर थोडी मागे पडते म्हणून नेमप्लेटवर १४४० च्या आसपास आकडा दिसतो. हा ६० चा फरक म्हणजे स्लिप.

समजा गिअरबॉक्स ३० ला १ आहे आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात एक पाकीट निघतं. मग ५० हर्ट्झवर मिनिटाला ४८ पाकिटं. ३५ हर्ट्झवर किती? सरळ त्रैराशिक मांडलं तर ३३.६ येतं. पण लोड तोच असेल तर स्लिपही साधारण तेवढीच राहते, म्हणून १०५० वजा ६०, म्हणजे ९९०. भागिले ३०, म्हणजे ३३. फरक किरकोळ आहे, पण काउंटर आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसायची वेळ येत नाही.

फ्रिक्वेन्सी कमी करताना ड्राइव्ह व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो. ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मोटरला हर्ट्झमागे ८ व्होल्ट. म्हणून कमी वेगातही टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, टिकतो. ५० च्या वर मात्र व्होल्टेज वाढायला जागा उरत नाही. ६० हर्ट्झवर चालवलं तर वेग वाढतो, पण हाताशी असलेला टॉर्क सुमारे ८३ टक्क्यांवर येतो. ‘ड्राइव्ह आहे ना, वाढव स्पीड’ म्हणणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

पायरी १: कुठल्या मोटरला लावायचा

मेन मोटर, कन्व्हेयर, फिल्म ओढणारे रोलर आणि ऑगर (पावडर भरणारा स्क्रू) हे नेहमीचे उमेदवार. यांत विजेची बचत फार मोठी नसते, कारण कन्व्हेयरला वेग कोणताही असो, जोर साधारण तेवढाच लागतो. इथे फायदा वेगावरच्या ताब्याचा आहे. बचत शोधायची तर पंख्यांकडे बघा: पावडर ओढणारा डस्ट कलेक्टर, श्रिंक टनेलनंतरचा थंड हवेचा ब्लोअर. पंख्याची पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला की पॉवर जवळजवळ निम्म्यावर, ५१ टक्क्यांवर येते. आणि हे ब्लोअर गरजेपेक्षा जोरात चालतच असतात.

कपॅसिटरवाली सिंगल-फेज मोटर असेल तर तिला ड्राइव्ह लावायच्या भानगडीत पडू नका, मोटरच बदला. क्लच-ब्रेकवर थांबत-थांबत चालणारं मशीन असेल तर मोटर सतत फिरती ठेवा आणि थांबवण्याचं काम क्लचकडेच राहू द्या. मिनिटाला पन्नास वेळा चालू-बंद करण्याचं काम साध्या ड्राइव्ह-मोटर जोडीवर टाकलं तर ती लवकर तापते. तिथे सर्वो हवा, आणि तो वेगळा विषय आहे.

पायरी २: काय बदलतं, काय बदलत नाही

ही पायरी वगळून पुढे गेलेलं काम मी फार वेळा पाहिलंय. कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे वेगाबरोबर आपोआप बदलणाऱ्या गोष्टी: कॅमवरच्या सगळ्या हालचाली, चेन, गिअरनं जोडलेले रोलर. यांचं एकमेकांशी टायमिंग बिघडत नाही, कारण ते लोखंडात कोरलेलं आहे. उजवीकडे ज्यांना वेगाशी देणंघेणं नाही अशा गोष्टी: न्यूमॅटिक सिलिंडर, टायमर, सोलेनॉइड, हीटरची उष्णता, सेन्सर आणि रिलेचा विलंब. दुखणी सगळी उजवीकडची.

सीलिंगचंच घ्या. जॉ, म्हणजे सील दाबणारे गरम जबडे, कॅमवर चालतात आणि शाफ्टच्या १२० अंशांपर्यंत बंद राहतात असं धरू. मिनिटाला ४० पाकिटं असताना एक फेरा दीड सेकंदाचा, म्हणजे जॉ अर्धा सेकंद दाबून धरतात. ६० वर नेलं की फेरा एका सेकंदाचा आणि दाब ०.३३ सेकंदाचा. तापमान तेच ठेवलं तर सील कच्चं राहणार. वाढवलं तर मशीन मध्येच थांबल्यावर तिथली फिल्म जळणार. वेग वाढवण्याआधी आपल्या फिल्मला किती तापमानाची खिडकी आहे ते बघा. वेग कमी करतानाही हेच, फक्त उलट: फिल्म सुरकुतते, कडेला चिकटते.

सिलिंडरचं गणित वेगळं. कटरचा सिलिंडर बाहेर येऊन परत जायला ०.२ सेकंद घेतो. ४० च्या वेगाला तेवढ्यात शाफ्ट ४८ अंश फिरतो, ६० च्या वेगाला ७२ अंश. कॅमवाले जॉ आणि हवेवरचा कटर यांच्यात आधी जेमतेम २० अंशांची फट असेल, तर नव्या वेगात ते एकमेकांवर आपटतात. पहिला आवाज येतो तेव्हा ब्लेड गेलेलं असतं.

तिसरी गोष्ट आय-मार्क, म्हणजे फिल्मवर छापलेली खूण. फोटोसेलनं खूण पाहिली, रिले ओढला, क्लच सुटला, फिल्म थांबली; या साखळीला समजा २० मिलिसेकंद लागतात. फिल्म सेकंदाला २०० मिमी जात असेल तर ती खुणेच्या पुढे ४ मिमी जाऊन थांबते आणि जुन्या ऑपरेटरनं सेन्सर तेवढाच मागे सरकवून ठेवलेला असतो. ३०० मिमीच्या वेगाला तीच फिल्म ६ मिमी पुढे जाते. छपाई २ मिमी सरकली, की सगळे ड्राइव्हला शिव्या घालतात. उपाय साधा: दोन-तीन वेग ठरवून टाका आणि प्रत्येकासाठी सेन्सरच्या पट्टीवर खूण करून ठेवा. ऑपरेटरला नॉब मोकळा देण्यापेक्षा तीन ठरलेले वेग सिलेक्टर स्विचवर देणं मला जास्त पसंत आहे. जवळजवळ प्रत्येक ड्राइव्हमध्ये ही सोय असते.

गिअरबॉक्सही विसरू नका. आतलं तेल चाकानं उडवून वरपर्यंत पोचायला काही वेग लागतो. फार हळू चालवलं तर वरचं बेअरिंग कोरडं राहतं.

पायरी ३: आजची नोंद

काहीही खोलण्याआधी मशीन जसं आहे तसं चालवा. क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट मोजा, रिकामं आणि माल भरून. मिनिटाची पाकिटं, सीलचं तापमान, सलग पन्नास पाकिटांची वजनं लिहून ठेवा. नंतर ‘आधी असं नव्हतं’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. तेव्हा हा कागद कामाला येतो. करंट आधीच नेमप्लेटच्या आकड्याच्या वर जात असेल तर दोष मेकॅनिकल आहे. तो आधी काढा. अडकणारं मशीन ड्राइव्हनं सुरळीत होत नाही, फक्त ट्रिप व्हायला लागतं.

पायरी ४: मोटरची तपासणी

नेमप्लेट पुसून व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम, किलोवॅट आणि स्टार-डेल्टाची (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) खूण उतरवून घ्या. मग ५०० व्होल्टच्या मेगरनं वाइंडिंग ते बॉडी इन्सुलेशन बघा. शंभर मेगओहमच्या वर असेल तर निश्चिंत. एक-दोन मेगओहम असेल तर मोटर ओली किंवा थकलेली आहे. वाळवा, गरज पडली तर रिवाइंड करा. मेगर फक्त सुट्या मोटरवर लावायचा, ती ड्राइव्हला जोडलेली असताना कधीच नाही. नाहीतर ड्राइव्हच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स जातं.

जुन्या वाइंडिंगबद्दल एवढी काळजी का? कारण ड्राइव्ह गुळगुळीत एसी देत नाही, टोकदार पल्स देतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आतली डीसी बस सुमारे ५८७ व्होल्टची असते, आणि केबल लांब असेल तर मोटरच्या टोकाशी पल्सचा उंचवटा तिच्या दुपटीपर्यंत चढू शकतो. साध्या व्हार्निशचं जुनं वाइंडिंग ते रोज सहन करत नाही. मोटर आणि ड्राइव्ह जवळजवळ ठेवा; अंतर पन्नास मीटरच्या घरात जात असेल तर आउटपुट चोक (पल्सची धार कमी करणारी कॉइल) लावा. मोटर बदलायचीच असेल तर इन्व्हर्टर-ड्यूटी, म्हणजे ड्राइव्हसाठीच बनवलेली घ्या.

मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर हळू, तर पंखाही हळू, आणि कन्व्हेयरचा जोर मात्र तेवढाच. २० हर्ट्झच्या खाली तासन्‌तास चालवायचं असेल तर वेगळा ब्लोअर लावा.

ब्रेक मोटर असेल तर टर्मिनल बॉक्स उघडून बघाच. मी एकदा नाही बघितला. ब्रेकची कॉइल मोटरच्याच टर्मिनलवरून पुरवठा घेत होती. ड्राइव्हवरून १५ हर्ट्झ दिले, व्होल्टेज तेवढंच उतरलं, ब्रेक अर्धवट उघडला. मोटर घुमत होती, शाफ्ट रखडत होता, मी टॉर्क बूस्ट (कमी वेगात जादा व्होल्टेज देणारं सेटिंग) वाढवत होतो. धूर आला तेव्हा कळलं. ब्रेक कॉइलला पुरवठा वेगळा, मुख्य लाइनवरून, आणि तो उघडायचा सिग्नल ड्राइव्हच्या रिलेकडून.

पायरी ५: ड्राइव्हची निवड

एचपी सांगून ड्राइव्ह घेऊ नका, अँपिअर सांगून घ्या. सहा पोलची जुनी मोटर तेवढ्याच किलोवॅटच्या चार पोलच्या मोटरपेक्षा बहुधा जास्त करंट घेते. ड्राइव्हचा रेटेड करंट मोटरच्या नेमप्लेटपेक्षा थोडा वर हवा, आणि कन्व्हेयर, ऑगरसाठी हेवी-ड्यूटी रेटिंग बघा, म्हणजे एक मिनिट दीडपट करंट सोसणारं.

सिंगल-फेज २३० व्होल्टवर चालणारा छोटा ड्राइव्ह बाहेर थ्री-फेजच देतो, पण २३० व्होल्टचा. नेमप्लेटवर डेल्टा २३०, स्टार ४०० असं लिहिलेलं असेल तर मोटरच्या पट्ट्या डेल्टामध्ये बदलाव्या लागतात. ते न करता स्टारमध्येच ठेवली तर मोटर फिरते, पण जीव नसल्यासारखी. काही जुन्या मोटरींमध्ये स्टारची गाठ आतच मारून फक्त तीन टोकं बाहेर काढलेली असतात. तिथे ४०० व्होल्टचाच ड्राइव्ह लागणार.

पायरी ६: वायरिंग

मेन स्विच बंद करा, कुलूप घाला, मग हात लावा. पुढे कधी चालू झालेल्या ड्राइव्हवर काम करायची वेळ आली तर पुरवठा तोडल्यावर कव्हरवर लिहिलेला वेळ थांबा (बहुतेकांवर पाच मिनिटं किंवा जास्त असतो) आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामे झाले, असं नसतं.

पुरवठा आर-एस-टी ला, मोटर यू-व्ही-डब्ल्यू ला. उलटं जोडलं तर ड्राइव्ह गेला. जुना स्टार-डेल्टा स्टार्टर काढून टाका. मोटरच्या टोकावर पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर तोही काढा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये चालू-बंद होणारा कॉन्टॅक्टर नको. तसंच इनपुटचा कॉन्टॅक्टर रोज शंभरदा मारून मशीन चालवायचं नाही. चालू-बंदचं काम कंट्रोल टर्मिनलवरून करा.

जुन्या पॅनेलमध्ये एक खास सवय सापडते: कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, दिवा, एखादा सोलेनॉइड, सगळे मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या खालच्या बाजूनं फोडलेले. मोटर चालू, की सगळं चालू. ही टोकं शोधून मुख्य लाइनवर न्या. ड्राइव्हच्या आउटपुटवर ट्रान्सफॉर्मर राहिला तर दोघांपैकी एक जाणार.

आता सगळ्यांत महत्त्वाचा फरक. जुन्या स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटायचा आणि आल्यावर कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन गप्प राहायचं. ड्राइव्हला टिकून राहणारा सिलेक्टर स्विच लावला आणि तो ‘चालू’वरच राहिला, तर वीज परत आल्यावर मशीन आपणहून सुरू होऊ शकतं, तेही जॉमध्ये कोणाचा हात असताना. म्हणून चालू-बंद पुश बटणांवर, थ्री-वायर पद्धतीनं करा आणि आपोआप रीस्टार्टचं पॅरामीटर बंद ठेवा. इमर्जन्सी स्टॉप आणि गार्डचा स्विच ड्राइव्हच्या साध्या स्टॉप टर्मिनलवर सोडू नका. एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ, मोटरचा जोर खात्रीनं तोडणारी सोय) असलेला ड्राइव्ह घ्या आणि सेफ्टी रिलेमधून जोडा. एसटीओनं फक्त टॉर्क जातो, वीज नाही. जॉ साफ करायला हात घालताना मेन स्विचच बंद हवा.

केबलबाबत कंजूषी करू नका. मोटरची केबल शील्डवाली, शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण क्लॅम्पनं अर्थ केलेली, आणि सेन्सर व थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) यांच्या वायरींपासून निदान वीतभर लांब. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. एका ठिकाणी ड्राइव्ह बसल्यापासून सील उघडी राहायला लागली. टेम्परेचर कंट्रोलर १६० दाखवत होता, तो मोटर सुरू होताच १८० च्या पुढे नाचायचा, हीटर तोडायचा, आणि जॉ प्रत्यक्षात थंड पडायचे. कंट्रोलर दोनदा बदलून झाला होता. थर्मोकपलची वायर मोटरच्या केबलला टाय मारून एकाच डक्टमधून नेली होती. डक्ट वेगळा केला, आकडा थांबला.

अर्थ लीकेज ब्रेकर उगाच पडत असेल तर ड्राइव्हच्या फिल्टरमधून जाणारा करंट हे एक कारण असतं. ब्रेकर बायपास करू नका, ड्राइव्हसाठी योग्य प्रकारचा घ्या.

पॅनेलमध्ये ड्राइव्हच्या वर-खाली दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. पावडर भरणाऱ्या मशीनवर पॅनेलचा पंखा फिल्टरशिवाय लावला तर महिनाभरात आत पिठाची गिरणी होते.

पायरी ७: पॅरामीटर आणि पहिली फेरी

आधी फॅक्टरी रीसेट. मग नेमप्लेटचे आकडे जसेच्या तसे भरा. मोटरचा करंट विशेष नीट, कारण ओव्हरलोडचं संरक्षण त्यावरच चालतं. एका ड्राइव्हवर दोन मोटरी असतील तर हे संरक्षण पुरत नाही, प्रत्येकीला वेगळा ओव्हरलोड रिले लावा. ऑटो-ट्यूनिंग (ड्राइव्ह स्वतः मोटर मोजून घेतो ती सोय) करा, मोटर सोडवता येत नसेल तर उभ्या-उभ्या होणारं.

किमान फ्रिक्वेन्सी (खालच्या पहिल्या फेऱ्या झाल्यावर) १५ ते २०, कमाल सुरुवातीला ५०. वेग घेण्याचा वेळ कन्व्हेयरला ३ ते ५ सेकंद. उभ्या बाटल्या असतील तर एस-कर्व्ह (वेग हळुवार चढवणारं सेटिंग) लावा, नाहीतर पहिल्याच झटक्याला आडव्या. थांबण्याचा वेळ फार कमी ठेवला तर मोटर जनरेटरसारखी वीज परत ढकलते, डीसी बस चढते आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिप येतो. वेळ वाढवा, ते चालत नसेल तर ही वीज जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा. टॉर्क बूस्ट सकाळी थंड गिअरबॉक्स हलेल इतकाच. जास्त दिला तर मोटर हळू वेगात नुसती तापते. कॅरिअर फ्रिक्वेन्सी (डीसीचे तुकडे पाडण्याचा वेग) वाढवली की मोटरची शीळ कमी होते, पण ड्राइव्ह जास्त तापतो. शीळ परवडते.

व्हेरिएटर असेल तर तो एका जागी पक्का करा. वेगाचे दोन मालक नकोत.

पहिली फेरी मोटर मशीनपासून सोडवून, ५ हर्ट्झवर, फक्त दिशा बघायला. कित्येक पॅकिंग मशीन उलटी फिरली की कॅम फॉलोअर तोडतात किंवा वन-वे क्लच फोडतात. दिशा बरोबर आली की रिव्हर्स बंद करणारं पॅरामीटर लगेच लावा. मग जोडून, फिल्मशिवाय, हातानं एक पूर्ण फेरा. मग १५ हर्ट्झ, फिल्मसह, मग माल. प्रत्येक टप्प्यावर क्लॅम्प मीटरऐवजी ड्राइव्हच्या स्क्रीनवरचा आउटपुट करंट बघा, कारण पल्सच्या आउटपुटवर साधं मीटर चुकीचं वाचतं.

ठराविक वेगालाच पत्रे थरथरत असतील, समजा २७ ते २९ हर्ट्झला, तर तो पट्टा जंप फ्रिक्वेन्सीमध्ये टाकून वगळा. ट्रिप आला तर रीसेट मारण्याआधी कोड आणि त्या क्षणाचा करंट लिहा. वेग घेताना ओव्हरकरंट म्हणजे बहुधा वेळ कमी किंवा काहीतरी अडकलंय. चालता-चालता ओव्हरलोड म्हणजे बेअरिंग, चेनचा ताण, गिअरबॉक्स.

आठ तास माल चालवल्यावर मोटरचं आणि ड्राइव्हचं तापमान बघा, पन्नास पाकिटं पुन्हा तोला, सील दाबून बघा आणि पहिल्या दिवशीच्या कागदाशेजारी मांडा. भरलेल्या पॅरामीटरची यादी एक पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा, एक ऑफिसात ठेवा. जुना स्टार्टर महिनाभर तरी भंगारात टाकू नका. नवीन सर्किट डायग्राम काढून होईपर्यंत कुठली वायर मुळात कुठे होती हे सांगणारा तोच आहे. आणि आठवड्यानं एकदा पॉवर टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा, पुरवठा तोडून, मीटर लावून.